फुलदाणीखालचं वर्तुळ

कुलाब्यातल्या एका जुन्या इमारतीतली हॉटेलची खोली. उंच छत, खिडक्यांना लाकडी झडपा, एका भिंतीला शिसवी कपाट आणि खिडकीशी तीन पायांचं गोल सागवानी टेबल. टेबलावर तांब्याची फुलदाणी, तिच्यात निशिगंधाच्या चार काड्या. फुलदाणी मधोमध नव्हती, चार बोटं कडेला होती. गोल टेबलावरची एकुलती एक वस्तू मध्यापासून सरकलेली असली की नजर उगाच तिथे जात राहते. चहाचा ट्रे ठेवायला जागा करावी म्हणून ती उचलली, तर खाली पांढुरकं वर्तुळ. म्हणजे फुलदाणी शोभेसाठी नव्हतीच, झाकणासाठी होती. डागाचं काही वाटलं नाही. शंभरेक वर्षांच्या टेबलाला एकही डाग नसता तर उलट शंका आली असती. खटकलं ते झाकणं. भिंतीवर इमारतीचा इतिहास फ्रेम करून लावायचा, पलंगाशेजारी ‘ह्या खोलीतली प्रत्येक वस्तू काही सांगते’ असं कार्ड ठेवायचं आणि जी वस्तू खरंच काही सांगतेय तिच्यावर फुलं ठेवायची.

लाकडावरचा पांढरा डाग आणि काळा डाग ह्यांची जातच वेगळी. पांढरा डाग लाकडात नसतोच, तो पॉलिशमध्ये असतो. जुन्या फर्निचरला चपडी लाखेचं पॉलिश असतं. लाखेचे किडे फांद्यांवर जे कवच करतात, त्याच्या गाळून केलेल्या पातळ पापड्या म्हणजे चपडी. लिटरभर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडी घालून रात्रभर भिजवायची, तीही काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात भिजवली तर पॉलिश काळवंडतं. सकाळी मलमलीतून गाळायचं आणि कापसाच्या गद्दीनं एकावर एक पातळ हात देत जायचं. ह्या पॉलिशला जी खोली असते, सागाच्या रेषा पाण्याखाली असल्यासारख्या दिसतात ती, दुसऱ्या कशानं येत नाही. पण त्याला पाणी सोसत नाही. बर्फाच्या पाण्याचा ग्लास रात्रभर राहिला की बुडाची ओल लाखेच्या थरात शिरते, थर आतून दुधाळ होतो आणि उजेड आरपार न जाता तिथेच विखुरतो. गरम कप हेच काम पाच मिनिटांत करतो.

उपायही तितकाच साधा. आधी दोन दिवस काहीच करायचं नाही, कारण ताजा डाग पुष्कळदा आपोआप सुकून जातो. नाही गेला तर केस वाळवायचं यंत्र अगदी मंद ठेवून, वीतभर अंतरावरून, हात हलता ठेवून. तरीही राहिला तर स्पिरिट. मलमलीत कापसाचा गोळा बांधायचा आणि त्याला स्पिरिट इतकंच द्यायचं की हाताच्या पाठीवर टेकवला तर गार लागावं, पण ओल दिसू नये. वर गोडेतेलाचं एक बोट. मग डागावरून ती गद्दी अशी न्यायची की चालत्या गाडीला हात लावून सोडला. टेकायच्या आधी हात चालू हवा आणि उचलेपर्यंत थांबायला नको. थांबलात तर स्पिरिट तिथली लाख सोडवतं, गद्दी चिकटते आणि पांढऱ्या वर्तुळाच्या जागी कापसाचे धागे रुतलेला ओरखडा मिळतो. नवशिक्याचा हात नेमका इथेच अडतो, कारण डाग गेला का हे बघायला तो मध्येच थांबतो. जाणकार पॉलिशवाला बघत नाही. पाच-सहा फेरे, मग जरा विसावा, मग पुन्हा फेरे.

काळा डाग मात्र खरंच लाकडात गेलेला असतो. सागातलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळं होणारच. हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तीच ही रसायनं. लोखंडी कुंडी, गंजका खिळा, एनॅमल उडालेला जग, काहीही पुरतं. तिथे पॉलिश खरवडून लाकूड उघडं करायचं, लिटरभर गरम पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून ब्रशनं लावायचं (हातात मोजे हवेतच, आणि सुकल्यावर उरलेली पांढरी भुकटी कोरडी झाडायची नाही, ती श्वासातून जाते), स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसायचं. आणि मग सगळाच्या सगळा पृष्ठभाग नव्यानं पॉलिश करायचा, कारण तेवढाच गोल उजळ राहतो. ते दोन-तीन दिवसांचं काम.

आपल्या टेबलाचा डाग पांढरा होता. दहा मिनिटांचा.

मग झाकला का? हॉटेलाच्या बाजूनंही बघायला हवं. पाहुणा अकराला खोली सोडतो, पुढचा दोनला येतो. मधल्या तीन तासांत चादरी, न्हाणीघर, फरशी. साफसफाईच्या माणसाच्या हातात एक फवारा आणि एक मऊ फडकं, आणि दोन्ही सनमायकाच्या जगातली. लाखेच्या पॉलिशला ओल्या फडक्याचं रोजचं पुसणंही जास्तच. कोरडं सुती फडकं आणि वर्षातून एकदा-दोनदा मेणाचा हलका हात एवढंच त्याला लागतं. पॉलिशवाला पगारावर नसतो. त्याला बोलावलं की स्पिरिटच्या वासानं खोली दिवसभर बंद, म्हणजे एका रात्रीचं भाडं गेलं. त्यातून करोनाच्या वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. प्रत्येक मूठ, प्रत्येक कडी, खुर्चीचा प्रत्येक हात दिवसातून चारदा सॅनिटायझरनं पुसला गेला. सॅनिटायझर म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. अशा खोल्यांतल्या खुर्च्यांचे हात निरखून बघा, कोपरापासून बोटांपर्यंत चिकट आणि मळकट, बाकी खुर्ची लखलखीत. मग वैतागून मालक सगळ्यावर मेलामाइन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं कडक बसणारं पॉलिश, मारून घेतात. ते पाण्याला, अल्कोहोलला, पाहुण्याला, कशालाही दाद देत नाही. फक्त सागवान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्यासारखं दिसतं, आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर सगळं घासूनच काढावं लागतं.

अशा खोलीतला मोठा शत्रू म्हणून सगळे पाहुण्याकडे बोट दाखवतात. तो खरा शत्रू नाही. खरा शत्रू भिंतीवर टांगलेला असतो आणि सोळा अंशांवर चालू असतो.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर सहज जाते. एसी ती पन्नास-पंचावन्नवर आणतो. पाहुणा आला की कोरडं, पाहुणा गेला की खिडक्या उघडून दमट, दिवसाआड. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. साग ह्या बाबतीत फार शहाणा, तरी दीड हात रुंद फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक कुठेच गेला नाही. जुन्या सुतारांना हे पाठ होतं. म्हणून कपाटाच्या दाराचे दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, चौकटीच्या खाचेत नुसते बसवलेले असतात, ना सरस ना खिळा. ऋतूप्रमाणे दिलहा खाचेत सरकतो, चौकट जागच्या जागी राहते. हिवाळ्यात दिलह्याच्या कडेला पॉलिश न लागलेली, फिकट, सुतळीएवढी रेघ उघडी पडलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही. दार जिवंत असल्याची ती खूण आहे. बिघडतं कुठे? कुणीतरी येतो, दिलहा खुळखुळतो म्हणून खाचेत फेविकॉल भरतो आणि वर दोन बारीक खिळे मारतो. पुढच्या कोरड्या महिन्यात दिलह्याला आकसायला जागा उरत नाही, आणि एका रात्री बंदुकीच्या बारासारखा आवाज येऊन तो मधोमध उभा चिरतो. अशा खोलीत रात्री-अपरात्री लाकडाचा आवाज आला की पाहुण्यांना भुतं आठवतात. बहुतेक वेळा भूत फेविकॉलचं असतं.

सरसाचंही तेच. जुने सांधे जनावराच्या कातडी-हाडांतून काढलेल्या सरसानं चिकटवलेले. तो वाफेनं आणि गरम पाण्यानं सुटतो, म्हणून शंभर वर्षांनीही खुर्ची पूर्ण उकलून, कुसू (सांध्याची लाकडी जीभ) साफ करून, पुन्हा सालात (तिच्या खाचेत) बसवता येते. त्यात हाच गुण आणि हाच दोष. सततच्या कोरड्या हवेत सरस ठिसूळ होतो, खुर्ची डुगडुगायला लागते. तेव्हा बाजूनं एक स्क्रू ठोकून दिला की काम झालं असं वाटतं, आणि वर्षभरात त्याच स्क्रूपाशी पाय फाटतो. खणांची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात खण अडकला तर रंधा मारू नये, थंडीत तोच खण ढिला होऊन वाकडा बसेल. खालच्या पट्ट्यांवर मेणबत्तीचं मेण किंवा कोरडा साबण घासला की भागतं. पाहुण्यानं एवढंच करावं की अडकलेला खण एका मुठीनं ओढू नये. दोन्ही मुठी धरून, किंचित वर उचलून, सरळ ओढावा. आणि एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवून पंखा लावावा. उंच छताच्या खोलीला पंखाच शोभतो, आणि बहुतेकदा पुरतोही.

वेताच्या खुर्चीबद्दल एकच. बैठक झोळीसारखी लोंबत असेल तर वेत गेलाय असं लगेच समजू नये. खालच्या बाजूनं गरम पाण्याचं फडकं फिरवून ती सावलीत सुकवली की वेत पुन्हा ताणून बसतो. धागे तुटलेच असतील तर मात्र पूर्ण विणकाम, आणि ते विणणारे हात आता शोधावे लागतात. अंधांच्या कार्यशाळांमधून हे काम शिकवलं जायचं, बोटांना भोकं मोजता आली की झालं. एक मात्र आहे, अशा खुर्चीवर गुडघा टेकवून वरची खिडकी उघडायला जाऊ नका. बैठक बसलेल्या माणसाचं वजन पसरून घेते, एका गुडघ्याचं नाही घेत.

पलंगाजवळ आलं की मात्र हॉटेलवाल्यांची दया येते. चार दांड्यांचा, मच्छरदाणीचा, जुना रुंद पलंग फोटोत राजेशाही दिसतो, पण त्याची लांबी-रुंदी आजच्या कुठल्याच गादीशी जुळत नाही. गादी शिवून घ्या, नाहीतर पलंग वाढवा. वाढवतात तो बाजूच्या पट्ट्यांत, आपले जुने लोक ज्यांना गाते म्हणत त्यांत. ओळखायचं असेल तर गात्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा. मूळ पट्टीवर हातकरवतीच्या सरळ, कमी-जास्त खोलीच्या रेषा लागतात, नव्या तुकड्यावर गोल करवतीच्या कमानी किंवा काहीच नाही, गुळगुळीत. खणाच्या तळाशी, कपाटाच्या पाठीला, टेबलाच्या पोटाला हीच परीक्षा. वस्तूनं जगाला दाखवायचं नव्हतं ते सगळं खालून आणि मागून असतं. आणि आरसा ‘बेल्जियमचा’ आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी. मुंबईत विकल्या गेलेल्या प्रत्येक जुन्या आरशाचं माहेर बेल्जियमच.

हे सामान येतं कुठून, ह्याचं उत्तर कुलाब्यापासून फार लांब नाही. मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार, नाहीतर तिकडे जोगेश्वरी-ओशिवऱ्याची दुकानं. शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद असतात, हे ठाऊक नसलेला माणूस एकदा तरी फुकट जाऊन येतो. आणि तिथे सामान येतं घरांतून. पागडीची इमारत पाडायला निघते, बारा फुटी छताच्या तीन खोल्यांतून माणसं साडेनऊ फुटी छताच्या दीड खोलीत जातात, आणि साडेसात फुटी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. ह्यातली हळहळण्यासारखी गोष्ट अशी की ते कपाट बहुधा सुटतं. वरचा मुकुट, मधलं धड, खालची बैठक, तिन्ही नुसत्या पाचरींवर आणि लाकडी खुंट्यांवर बसवलेली, कारण ते मुळात जिन्यानंच वर आलेलं होतं. पाचर कुठे आहे हे सांगणारं माणूस घरात उरलेलं नसतं, एवढंच. मग करवत लागते, नाहीतर भंगारवाल्याचा भाव.

म्हणून अशा हॉटेलांत शिरल्यावर एक गोष्ट आधी विचारावी असं वाटतं. घराचं हॉटेल झालं, की हॉटेलात घर आणलं? अहमदाबादेत सिदी सय्यदच्या जाळीसमोर मंगलदास गिरधरदास ह्या गिरणीमालकांची १९२४ सालची हवेली आहे. तिचं हॉटेल केलं ते त्याच घराण्यानं. तो प्रकार वेगळा. तिथे भिंतीला आणि वस्तूला एकमेकांची ओळख असते. मुंबईत बहुतेकदा इमारत एकाची, पलंग दुसऱ्याचा, कपाट तिसऱ्याचं आणि फोटोफ्रेममधली आजी कुणाचीच नाही. ती आजी फार छळते. किलोवर घेतलेल्या फोटोतली, नऊवारीतली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलेली बाई आता न्हाणीघराच्या दारावर. ह्याला सजावट म्हणायला जीभ वळत नाही.

पण लगेच उलटंही मनात येतं. ह्याच शहरात काळ्या घोड्याजवळ वॉटसनचं हॉटेल आहे. १८६०च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे खांब-तुळया आणून उभं केलेलं. ७ जुलै १८९६ला ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच. हॉटेल बंद पडलं, एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांचे तुकडे पडून त्यांत वकिलांच्या कचेऱ्या आल्या, आणि आता ते मोडकळीला आलेलं सांगाडेवजा धूड उभं आहे. तिथल्या खुर्च्या-पलंग कुठे गेले ते कुणी शोधत बसलं नाही. वापरात असलेल्या वस्तूला निदान पॉलिशवाला भेटतो, चुकीचा का होईना. कोपऱ्यात पडलेलीला वाळवी भेटते. हॉटेलात आलेलं ते गोल टेबल नाहीतर कुठे असतं? पाय जळणात, वरची फळी कुणाच्या तरी लोणच्याच्या बरण्यांखाली. तिरकस फोटोफ्रेम सहन करायच्या त्या बहुधा एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडपा उघडल्यावर ऊन टेबलावर आडवं आलं. वर्तुळ बघायची तीच वेळ. वरून पडणाऱ्या दिव्यात सगळं सपाट दिसतं, आडव्या उजेडात पॉलिशच्या पोटातलं कळतं. ते एक वर्तुळ नव्हतंच. एकावर एक जरा जरा सरकलेली चार-पाच होती, साखळीच्या कड्यांसारखी गुंफलेली, सगळी एकाच मापाची. हॉटेलचा ग्लास त्यावर ठेवून पाहिला तर बूड बोटभर लहान. कपाची बशी फार मोठी. फुलदाणीची बैठक तर त्याहून मोठी, म्हणून तर झाकण म्हणून निवडलेली. हॉटेलात माणसं रोज बदलतात, ती वेगवेगळ्या जागी वेगवेगळं काहीतरी ठेवतात. एकाच जागी, एकाच मापाचं, रात्रीमागून रात्र ठेवायला एकच माणूस लागतो, आणि त्याची सवय. अंथरुणातून हात लांब केला की पोचेल अशा कडेला ठेवलेलं पाण्याचं भांडं. ह्या खोलीत ते टेबल खिडकीशी आहे, पलंगापासून सात-आठ पावलं दूर.

एक शंका उरत होती. पांढरा डाग पॉलिशमध्ये असतो, म्हणजे डाग पॉलिशइतकाच जुना किंवा त्याहून नवा. हॉटेलात आल्यावर पॉलिश झालं असेल तर डागही हॉटेलचा. टेबलाच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कान कोरायच्या काडीवर सॅनिटायझरचा थेंब घेऊन अर्धा मिनिट टेकवला. मेलामाइन असतं तर कापूस कोरा निघाला असता. कापूस निघाला मधाच्या रंगाचा, चिकट. तेवढ्यावर तारीख सांगता येत नाही, कारण चपडीचं पॉलिश कालचंही असू शकतं. पण त्याच पोटाच्या भागात, कडेला, हात द्यायचा राहून गेलेली कोरडी जागा होती आणि पॉलिशच्या शेवटच्या थेंबांवर कोळ्याच्या जाळ्याची जुनी, काळी पडलेली पूड घट्ट बसलेली होती. हॉटेलनं वरून फक्त मेण फिरवलेलं दिसत होतं.

खाली रिसेप्शनवर सांगितलं असतं तर पॉलिशवाला कदाचित आला असता. गद्दी, स्पिरिट, दहा मिनिटं.

फुलदाणी परत ठेवताना तिच्याखाली बशी सरकवली. एसीत गार झालेलं पाणी आत असताना कुणी खिडकी उघडली तर तांब्याला बाहेरून घाम येतो, आणि झाकणाचाच नवा डाग पडतो. ठेवली मात्र दुसऱ्या कडेला, वर्तुळापासून लांब. दुपारी जेवून आल्यावर पाहिलं, खोली आवरून गेलेल्या माणसानं ती उचलून पुन्हा होती तिथेच ठेवली होती. बशीसकट.